प्रश्न दिशेचा, उत्तर चहाचं

आमच्या सेवा क्लबात जबाबदारी मागून मिळत नाही. ज्या मीटिंगला तुम्ही गैरहजर असता, त्या मीटिंगमध्ये ती तुमच्या गळ्यात पडते. गेल्या वर्षी जूनमध्ये मी मुलीकडे पुण्याला गेलो होतो. परत बेळगावात उतरलो तर क्लबच्या वार्तापत्राचा संपादक झालो होतो.

काम म्हणजे दर गुरुवारच्या मीटिंगची बातमी लिहायची आणि तीच जरा झटकून पेपरला धाडायची. लोकांना वाटतं, बातमी म्हणजे काय घडलं ते. आमच्याकडं बातमी म्हणजे कोण कोण होतं ते. आधी अध्यक्ष, मग सेक्रेटरी, खजिनदार, मग माजी अध्यक्ष, तेही ज्येष्ठतेनं. टिळकवाडी, शहापूर आणि कॅम्प मिळून आमचे माजी अध्यक्ष अकरा. दरवर्षी एक वाढतो, कमी कुणी होत नाही. देव सगळ्यांना उदंड आयुष्य देवो. एवढी नावं झाल्यावर पाहुण्यांसाठी उरते एक ओळ : 'यांनी मौलिक मार्गदर्शन केले.' ही ओळ मी मधुमेहाला वापरली, इन्कमटॅक्सला वापरली, सर्पदंशालाही वापरली. कुणाची तक्रार नाही.

जुलैतल्या त्या गुरुवारी पाहुणे म्हणून इंजिनिअरिंगची चार पोरं आली. बाहेर पाऊस असा, की समोरचा रस्ता केवळ आठवणीवर ओळखायचा. पोरांनी प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून एक पुठ्ठ्याचं घर आणलं होतं आणि विषय होता 'विद्यार्थ्यांनी बांधलेलं सोलर घर'. प्रोजेक्टर लागल्यावर करंट जाईल अशी आम्हा बऱ्याच जणांना आशा होती. गेला नाही.

बोलणारी मुलगी चुणचुणीत. म्हणाली, "ही कल्पना आम्ही सोलर डेकॅथलॉनवरून घेतली."

"बूट-बिट मिळतात ते दुकान काय?" खजिनदारांनी विचारलं.

ते नव्हे. ही अमेरिकेच्या ऊर्जा खात्याची कॉलेजांसाठीची स्पर्धा. पहिली 2002 साली झाली. पोरं सूर्यावर चालणारं खरंखुरं घर स्वतः बांधायची, सुटं करून ट्रकांतून वॉशिंग्टनला न्यायची आणि तिथल्या नॅशनल मॉल नावाच्या मोठ्या मैदानाच्या हिरवळीवर पुन्हा जोडायची. 2007 आणि 2009 ला तर जर्मनीच्या डार्मस्टाटची पोरं समुद्र ओलांडून आली आणि दोन्ही वेळा जिंकून गेली. दुसऱ्या घराला त्यांनी छपरावर भागेना म्हणून भिंतींनाही पॅनेल लावली होती. मला आमचं घर आठवलं. स्वयंपाकघराचा ओटा दोन फूट सरकवायला गवंड्यानं पावणेदोन महिने घेतले होते.

कसोट्या दहा, म्हणून डेकॅथलॉन. दिसायला कसं, परवडतं का, हे असायचंच. पण घर नांदवूनही दाखवायला लागायचं. ठरल्या वेळात ठरलेलं गरम पाणी काढायचं. शेजारच्या संघाला जेवायला बोलवायचं. आणि टॉवेल धुऊन वाळवून दाखवायचे.

टॉवेल म्हटल्याबरोबर सभागृह जागं झालं.

बेळगावात जुलैत धुतलेला टॉवेल गणपतीला वाळतो. तोवर तो खुर्चीच्या पाठीवर, मग दारावर, मग पंख्याखाली असा घरभर फिरतो आणि त्याला जो वास येतो त्यालाच आम्ही पावसाळा म्हणतो. आमच्या गच्चीवरचा सोलर हीटर या दिवसांत केवळ पावसाचं पाणी अंगावर घेत उभा असतो. अंघोळीला बंबच पेटवावा लागतो. सुकी लाकडं आणि ओला टॉवेल यांचा संसार सांभाळणाऱ्या माणसांपुढं कुणी टॉवेल वाळवायची स्पर्धा सांगतो, तेव्हा ती ऑलिंपिकपेक्षा मोठी वाटते.

मग प्रश्न सुटले. एका माजी अध्यक्षांनी आधीच छपरावर पॅनेल बसवलेली. "करंट गेला की आमचं सोलर पण जातं. मग आम्ही पैसे कशाला घातले ओ?" मुलगी शांतपणे म्हणाली, "काका, मुद्दामच बंद होतं ते. तुमची वीज उलटी लाईनमध्ये गेली तर खांबावर चढलेल्या लाईनमनला शॉक बसेल. अंधारात चालवायचं तर बॅटरीची वेगळी सोय लागते." काकांना लाईनमनची दया आली, पण ती पैशांच्या मागून.

दुसरे माजी अध्यक्ष वास्तुशास्त्रवाले. त्यांनी पुठ्ठ्याचं घर उचलून फिरवून पाहिलं. "हे छप्पर दक्षिणेला का? दक्षिण म्हणजे यमाची दिशा."

"आपण साधारण 16 अंश उत्तरेला आहोत. वर्षातला बहुतेक काळ दुपारचा सूर्य दक्षिणेकडंच झुकलेला असतो."

"म्हणजे कधीच उत्तरेला नसतो?"

"असतो की. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत."

"मग?" ते विजयानं आमच्याकडं वळले. मुलीनं नुसतं खिडकीबाहेर बोट दाखवलं. त्या दिवसांतला बेळगावचा सूर्य पंचांगाखेरीज कुणी पाहिलाय?

आयुष्यात पहिल्यांदा मी मीटिंगमध्ये मन लावून टिपणं घेत होतो. वहीत लिहिलं, 'पॅनेलची दिशा? उत्तर' आणि तेवढ्यात चहा नि मिरचीभजी आली.

रात्री भारावल्यासारखी बातमी लिहिली. मौलिक मार्गदर्शन एका फटक्यात काढून टाकलं. सुरुवात टॉवेलनं केली, मग वॉशिंग्टन, मग लाईनमन. मान्यवरांची नावं शेवटी. पेपरवाले जागा कमी पडली की बातमी खालून कापतात, हे मला आठवायला हवं होतं.

शनिवारी सकाळी सातला पहिला फोन. "काय ओ संपादक, बातमी भारी आलीय. खरं आम्ही कुठं आहोत?" सव्वासातला दुसरा. नऊपर्यंत अकरा माजी अध्यक्ष पूर्ण झाले, ज्येष्ठतेच्या क्रमानं. वास्तुशास्त्रवाले तेवढे खूश होते. का, ते मला कळेना. कळलं दहाला, त्या मुलीचा फोन आला तेव्हा.

"काका, बातमी छान आहे. पण आमची पॅनेल तुम्ही उत्तरेला बसवलीत."

वही उघडली. 'दिशा? उत्तर'. पुढं भज्याच्या तेलाचा डाग.

शुद्धिपत्र लिहायला दोन मिनिटं लागली : 'उत्तर'ऐवजी 'दक्षिण' असे वाचावे. अध्यक्षांना फोनवर वाचून दाखवलं.

"बरं आहे की," ते म्हणाले. मग जरा थांबले. "खरं काय ओ, परत पेपरात येणारच आहे तर, कोण कोण हजर होते तेपण घालून टाका. आधी घाला पण."

घातलं. शुद्धिपत्र आता सव्वीस ओळींचं झालंय. 'दक्षिण' सव्विसाव्या ओळीत आहे.