अंगणवाडीत म्हणे खिचडीच मिळते

जून जवळ आला की जळगाव-धुळ्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो: 'अंगणवाडी गरिबांसाठी असते. तिथे खिचडीपलीकडे काही नाही, शिकवत तर नाहीतच. ती पोरं पहिलीत मागे पडतात. मान्यताप्राप्त इंग्लिश नर्सरीत टाका.'

गरिबांसाठी? साफ खोटं. सहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला अंगणवाडीच्या सेवा द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच बजावलंय. तिथे रेशनकार्डाचा रंग कुणी विचारत नाही.

खिचडीला नाक मुरडणाऱ्यांनी हिशेब पाहावा. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला रोज किती कॅलरी आणि किती प्रथिनं द्यायची, याचं प्रमाण ठरलेलं आहे. नंदुरबारसारख्या आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून अंडं किंवा केळीही मिळते. नर्सरीच्या डब्यात वेफर्सचं पाकीट देणाऱ्यांनी तरी यावर हसू नये.

आता 'शिकवत नाहीत'. १९७५ मध्ये अंगणवाड्यांची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हापासून पूर्वप्राथमिक शिक्षण हे तिच्या सहा सेवांपैकी एक आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीत काम सुरू केलं, तेही मुलांच्या अंगणात जाऊन शिकवण्याचंच. अंगणवाडीतलं शिकवणं खेळ, गाणी, गोष्टी, मणी ओवणं यांवर उभं आहे. साडेतीन वर्षांच्या पोराकडून एबीसीडीची पानं भरून घेत नाहीत, म्हणून पालकांना ते शिकवणं वाटत नाही. बोटांत बळ येण्याआधी पेन्सिल घोटवून काय मिळतं? आणि घरी अहिराणी ऐकणाऱ्या पोराला 'आठे बठ' (इथे बस) म्हणणारी सेविका पहिल्याच दिवशी कळते. 'सिट डाउन' कळायलाच त्याचा महिना जातो.

मेसेजमध्ये खरं काहीच नाही असं मात्र नाही. वजनं घेणं, शिधावाटप, पोषण ट्रॅकर ॲपवर नोंदी भरणं, लसीकरणाचा दिवस, वर निरनिराळे सर्व्हे, हे सगळं एकट्या सेविकेच्या गळ्यात असतं. डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या सेविकांच्या संपात अंगणवाड्यांना कुलपं लागली, ती जानेवारीतही होती. काही ठिकाणी खरोखरच पोरांना जेवू घालून घरी पाठवतात. म्हणून आपल्या गल्लीतली अंगणवाडी न सांगता, जेवणाच्या तासभर आधी जाऊन पाहा. हजेरीपटावर नावं किती, बसलेली पोरं किती? खेळणी पोरांच्या हातात आहेत की कपाटात?

पहिलीत मागे पडतात, हे कशावरून? ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण होणाऱ्या मुलाला पहिलीत प्रवेश मिळतो आणि प्रवेशासाठी चाचणी घ्यायला शिक्षणहक्क (आरटीई) कायद्याच्या कलम १३ ने मनाई केलीय. अक्षरं पहिलीतच शिकवतात.

राहिली मान्यता. आरटीई ६ ते १४ वयासाठी आहे, त्यामुळे शाळेची मान्यता आपोआप नर्सरीला लागू होत नाही. फी भरण्याआधी कागद मागा आणि त्यावर कोणत्या इयत्तेपासूनची मान्यता लिहिलीय ते वाचा.