गवंड्याचा नकाशा चार दिवसांत, मग आर्किटेक्टला सहा आठवडे कशाला? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

नवीन घराचा आराखडा काढण्याआधी आर्किटेक्टने सहा आठवडे जागा आणि माणसं समजून घ्यावीत, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं: रत्नागिरीजवळच्या तुमच्या जागेसाठी गवंड्याने चार दिवसांत १,२०० चौरस फुटांचा नकाशा दिला, हॉल समुद्राकडे म्हणजे पश्चिमेला, सगळं एका पातळीवर, हे सहा आठवडे म्हणजे फी वाढवायचं निमित्त.

फीबद्दल तुमचा संशय रास्त आहे. खर्चाच्या टक्केवारीत फी असली की खर्च कमी करण्यात आर्किटेक्टचंच नुकसान. रक्कम ठरवून घ्या, टप्प्याटप्प्याने द्या. गवंड्याच्या हाताबद्दलही माझी तक्रार नाही. चिरा (जांभा दगड) कसा लावायचा ते त्याला चांगलं कळतं. प्रश्न नकाशाचा आहे. तो सपाट जागेसाठी काढलाय, आणि तुम्हीच लिहिलंय की घराच्या ४० फुटांत जमीन पश्चिमेकडे ६ फूट उतरते.

जोतं, म्हणजे जमिनीपासून फरशीपर्यंतची उंची, वरच्या अंगाला दीड फूट धरलं तर खालच्या टोकाला ते साडेसात फूट होतं. एवढा भराव ६-६ इंचांच्या थरांनी, पाणी मारून, धुम्मस करत (ठोकून दाबत) घालावा लागतो. प्रत्यक्षात डंपर रिकामे होतात आणि वर कोबा (काँक्रीटचा थर) पडतो. दोन-तीन पावसाळ्यांत भराव बसतो, फरशी पोकळ वाजते, भिंतीलगत भेग धरते. शिवाय पावसात भिजलेली माती जोत्याच्या भिंतीला बाहेर ढकलते. साडेसात फूट माती अडवणं नुसत्या ९ इंची चिऱ्याचं काम नव्हे. त्यात छपराचं पाणी. १,२०० चौरस फुटांवर १०० मिलिमीटर पाऊस पडला, आणि कोकणात तो एका दिवसात पडतो, की सुमारे ११,००० लिटर होतात. पन्हळ नसेल तर त्यातला मोठा वाटा याच भिंतीच्या पायाशी मुरणार.

घर मधोमध दोन पातळ्यांत विभागा, ३ फुटांच्या फरकाने. मग भराव कुठेही साडेचार फुटांवर जात नाही, आणि मध्ये ६-६ इंचांच्या सहा पायऱ्या येतात. इथेच माणसं समजून घ्यायचा प्रश्न येतो: आईवडिलांची खोली, संडास-बाथरूम, स्वयंपाकघर आणि गणपती बसतो ती जागा एकाच पातळीवर हवी. गणपतीला घरात किती माणसं झोपतात, हे विचारल्याशिवाय पडवी सहा फूट की आठ फूट ते ठरत नाही.

पश्चिमेच्या खिडक्यांचं गणित सोपं आहे. एप्रिलअखेर दुपारी साडेचारला तुमच्याकडे सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३२-३३ अंशांवर असतो. दोन फुटी छज्ज्याची सावली तेव्हा सव्वा फूटच उतरते. चार फुटी खिडकीचा उरलेला भाग उन्हात. साडेपाचला सावली ८ इंच. समुद्र बघायचा असेल तर त्या बाजूला पडवीच हवी. जूनमध्ये नैर्ऋत्येकडून येणारी झडही तीच अडवते.

१,२०० चौरस फूट हा आकडा आतल्या मापांचा आहे की बाहेरच्या, तेही विचारा. आतून १० बाय १२ ची खोली म्हणजे १२० चौरस फूट. ९ इंची भिंतींचा अर्धा अर्धा वाटा धरला तर १३७. पाच-सहा खोल्यांत हा फरक एका छोट्या खोलीएवढा होतो, आणि बजेट इथेच फुटतं.

विहिरीचा उल्लेख तुम्ही केला नाहीत. असेल तर शोषखड्डा (सांडपाणी जमिनीत मुरवायचा खड्डा) तिच्यापासून किमान ६० फूट लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला हवा. कातळावर शोषखड्डा पाणी पीतच नाही. म्हणून आधी ४-५ फुटांचा खड्डा खणून पाणी भरा, रात्रभर राहू द्या, सकाळी पुन्हा भरून तासाला किती इंच उतरतं ते मोजा.

सर्व्हेअरकडून अर्ध्या मीटरच्या समपातळी रेषांचा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा) नकाशा घ्यायला आठवडाभर लागतो. तो हातात आला की जागेवर घराच्या आकाराची चुन्याची फक्की मारा, चारही कोपऱ्यांना खुंट्या ठोका आणि त्यांना जोत्याच्या पातळीत दोरी बांधा. खालच्या कोपऱ्यात दोरी डोक्याच्याही वर जाईल. ती दोरी गवंड्याला दाखवून दोन पातळ्यांचा नकाशा मागा. गवंडी बदलायची गरज नाही.