पळी कोणाची, दान कोणाचं?

थंडी सुरू झाली की ठाणे-नवी मुंबईत मिसळ महोत्सव, आगरी-कोळी महोत्सव, मालवणी जत्रा यांचे फलक चौकाचौकांत लागतात. त्यातल्या दोन-चारांवर खाली बारीक अक्षरांत असतं: ‘जमणारा निधी अमुक संस्थेस’. तिकीट काढा, डझनभर स्टॉलवरची चव घ्या, पैसे चांगल्या कामाला. लगोलग सोसायट्यांच्या ग्रुपवर ठरलेली भांडणं जुंपतात. एकाचं म्हणणं, अन्नदान म्हणजे दुसऱ्याला जेवू घालणं, आपणच ताव मारून दान कसलं? दुसऱ्याला सहाशे रुपयांत चमचा-चमचा मिळतं याचा राग. तिसऱ्याचा सवाल, मटणाचा टोप आणि साबुदाणा वडा एकाच मांडवात का?

लंडनमध्ये असे कार्यक्रम बारमाही चालतात आणि हे वाद मी तिथून वाचतो. पण बारा स्टॉलवरचं ते अन्न फुकट देतो कोण, हे या भांडणात कुणीच विचारत नाही.

लंडनमध्ये देतात ती रेस्टॉरंट. पन्नास ग्रॅमचा घास, शेजारी कार्डांची चळत, मागे शेफ उभा. त्यांच्या लेखी तो जाहिरातीचा खर्च असतो आणि तो त्यांना झेपतो. ठाण्यात हीच पद्धत उचलली गेली, पण स्टॉलवर उभ्या राहिल्या कळव्याच्या, घणसोलीच्या, दिव्याच्या बचत गटाच्या बायका. ‘चॅरिटी आहे ताई, तुमचंही नाव होईल’ असं सांगून त्यांच्याकडून साडेतीनशे माणसांचं खाणं फुकट घ्यायचं आणि धनादेश देताना फोटोत मात्र आयोजक! मला हे पटत नाही. कुणाला हे शब्द कडक वाटतील, म्हणून हिशेबच मांडतो.

समजा ४०० तिकिटं, बारा स्टॉल. माणूस उभ्याउभ्या अर्धा किलोच्या वर खात नाही, म्हणजे स्टॉलमागे सरासरी ४० ग्रॅम. सगळे सगळीकडे जात नाहीत, म्हणून प्रत्येक स्टॉलने ३५० वाट्यांची तयारी ठेवली की पुरतं. मिसळीचा स्टॉल घ्या, तिची वाटी या सरासरीहून जड. वाटीत ३० ग्रॅम उसळ, ३० मिली तर्री, १० ग्रॅम फरसाण आणि पाव पाव, म्हणजे खरोखरच पावाचा चौथा हिस्सा. उसळ झाली साडेदहा किलो. मटकी भिजून, मोड येऊन, शिजून साधारण अडीचपट होते, तेव्हा कोरडी मटकी सव्वाचार किलो. तर्री साडेदहा लिटर, फरसाण साडेतीन किलो, पाव ९०. कांदा, खोबरं, मसाला, तेल, गॅस धरून सामानच तीन-साडेतीन हजारांचं. त्यात तीन बायकांचे दोन दिवस, कारण मटकी आदल्या दिवशी भिजते आणि वाटण आदल्या रात्री होतं. मजुरी प्रामाणिकपणे लावली तर स्टॉल साडेसात हजारांवर जातो. असे बारा, म्हणजे ९० हजार. मासळी-मटणाचे स्टॉल याहून महाग, ते सध्या सोडून देऊ.

तिकीट ६०० रुपये, जमा २ लाख ४० हजार. मांडव, वीज, भांडी, सफाई यांचे ६० हजार वजा करा. बायकांना पैसे दिले तर संस्थेच्या हातात ९० हजार, तिकिटामागे २२५ रुपये. न दिले तर १ लाख ८० हजार, तिकिटामागे ४५०. फलकावर दुसरा आकडा झकास दिसतो, पण त्यातला बरोबर निम्मा बायकांच्या खिशातून आलेला असतो.

तिकिटावर हे छापायला काय हरकत आहे? अमेरिकेत दात्याला बदल्यात काही मिळत असेल आणि त्याने दिलेली रक्कम ७५ डॉलरांच्या वर असेल, तर खाण्याची किंमत किती आणि देणगी किती हे संस्थेला लेखी कळवावंच लागतं. ब्रिटनमध्ये करदात्याच्या देणगीवर सरकार पौंडामागे २५ पेन्स संस्थेला जादा देतं. पण तिकिटाच्या बदल्यात पोटभर खायला मिळालं तर ते पैसे देणगी धरत नाहीत, म्हणून आयोजक तिकीट वेगळं आणि ऐच्छिक देणगी वेगळी मागतात. आपल्याकडेही तर्क तोच. सहाशेच्या तिकिटावर सरसकट आयकर सवलतीची, सगळे जिला ‘८०जी’ म्हणतात ती पावती फाडणं चूक आहे. ती देणगीच्या भागापुरतीच. शिवाय २००० रुपयांवरची रोख देणगी त्यात बसत नाही, आणि नव्या कररचनेत गेलेल्यांना त्या पावतीचा उपयोगच नाही. तेव्हा करसवलतीचं गाजर दाखवून तिकिटं खपवू नयेत.

चमचाभर देतात ही तक्रारही याच हिशेबात येते. चवीचं माप म्हणजे ३० मिली, पोह्याचे दोन मोठे चमचे. स्टॉलवर मात्र घरची पळी येते, ती ७५ मिलीची. साडेदहा लिटर तर्री मग १४० माणसांत आटोपते आणि साडेसातला आलेला माणूस रिकामा टोप बघून आयोजकांना शिव्या घालतो. ‘जरा घाला ना ताई’ म्हणणाऱ्याला नाही म्हणणं आपल्या बायकांना जड जातं, तेव्हा ते काम मापाने करावं: सगळ्या स्टॉलना एकाच मापाचे डाव आयोजकांनीच द्यावेत. प्रवेशाच्या दोन वेळा ठेवाव्यात, दोनशे-दोनशेच्या. साडेतीनशे वाट्या तीन तासांत म्हणजे मिनिटाला दोन, हे दोन हातांना जमतं. चारशे जण पहिल्या पाऊण तासात येऊन धडकले की कुणालाच जमत नाही.

तांदळाच्या भाकरीचं गणित अजून नाजूक. एका भाकरीचे आठ तुकडे, म्हणजे ४४ भाकऱ्या. एका तव्यावर एकीला दोन-अडीच मिनिटं लागतात, तेव्हा सगळ्या आधी थापून डब्यात भरण्याचा मोह होतो. पण उकडीची भाकरी गार झाली की तासाभरात चामट होते, कडा तडकतात, आणि कालवणात बुडवायला गेलं की तुकडा वाकण्याऐवजी मोडतो. दोन तवे लावावेत आणि चार-चार भाकऱ्या मागणी बघून कराव्यात. इथे ठाणं लंडनला हरवतं. तिथल्या बऱ्याच हॉलमध्ये उघड्या ज्योतीला मनाई, म्हणून घास दुसरीकडे शिजून येतो आणि बशीत थिजलेला असतो. कागदोपत्री सगळं चोख, चवीला मात्र लग्नाच्या दुसऱ्या पंगतीसारखं.

कागदोपत्री चोख म्हणजे काय, तेही बघण्यासारखं आहे. इंग्लंडमध्ये गरम अन्न ६३ अंशांच्या वर ठेवायचं. त्याखाली गेलं तर फार तर दोन तास, तेही एकदाच. थंड पदार्थ ८ अंशांच्या आत, बाहेर काढला तर चार तास. आपल्या दमट हवेत यात सूट घेण्यासारखं काही नाही. बुफेच्या भांड्याखाली गार पाणी ओतून बत्ती लावली की वरची भाजी अर्धा तास कोमट बसून राहते. पाणी उकळतंच ओतावं. ते भांडं अन्न गरम ठेवतं, गरम करत नाही. सोलकढी आणि ओल्या नारळाची चटणी दोन-दोन लिटरच्या भांड्यांत बर्फावर ठेवून थोडीथोडी बाहेर काढावी. मोठा टोप एकदम उघडला तर शेवटचा लिटर आंबलेला निघतो. पन्नास सूचनांपेक्षा टोचायचा एक थर्मामीटर कामाचा, आणि तो काही महाग नाही.

मटण आणि साबुदाणा वड्याच्या वादात माझं मत साधं आहे. रांगा वेगळ्या, कढया वेगळ्या, झारे वेगळे, आणि तेवढ्यावर विषय संपवावा. हिरवा ठिपका लावून त्याच तेलात सुरमई तळली तर ठिपक्याला अर्थ नाही. पण याच मांडवात शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या पोराची आई कुणाला विचारणार? ब्रिटनच्या कायद्यात १४ ॲलर्जीकारक घटकांची यादी आहे. शेंगदाणे, तीळ, मोहरी हे तिन्ही त्यात आहेत. आपला निम्मा स्वयंपाक तिथेच आला. आणखी एक गंमत हिंगाची. डबीतल्या बांधानी हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, त्यामुळे ‘गहू नाही’ म्हणून विकलेली डाळीची वडीसुद्धा गव्हाची निघते. प्रत्येक पदार्थापुढे पुठ्ठ्यावर मराठीत पाच-सहा शब्द लिहिले की भागतं: दाण्याचं कूट, तीळ, गहू, दूध, कोलंबी.

‘आम्ही काही हॉटेलवाले नाही’ ही सबब चालत नाही. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांत तात्पुरता स्टॉलवाला, आणि धार्मिक किंवा सामाजिक मेळाव्यात अन्न वाटणारासुद्धा, छोटा उत्पादक म्हणून नोंदणीच्या कक्षेत येतो. गणपती मंडळं वर्गणीआधी धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१क ची परवानगी काढतात, त्यामुळे लोकांकडून पैसे गोळा करण्याची ही वाट ठाण्यात कुणाला नवी नाही.

उरतं त्याचं काय करायचं ते आदल्या दिवशी ठरवावं. रात्री अकराला फोन केला तर अन्न नेणारी संस्था येत नाही, आणि आली तरी चार तास उघड्यावर राहिलेली उसळ तिने घेऊ नये. ज्या टोपात वाढायचा डाव गेलेलाच नाही, तेवढाच द्यावा, वर पदार्थाचं नाव आणि शिजवल्याची वेळ चिकटवून. वाटीतलं उष्टं कचऱ्यात. तेही कमी व्हावं म्हणून बारा स्टॉलच्या बारा वाट्यांऐवजी भांडीवाल्याकडून खणांची स्टीलची ताटली आणावी आणि ५० रुपये अनामत घेऊन हातात द्यावी. नाहीतर ४२०० द्रोण मैदानात उडताना दिसतील, आणि रस्सा त्यातूनही गळेलच.