मनगट जुळलं, हाडाचं काय?

साठीतली बाई ओल्या लादीवर घसरते, हात टेकते, मनगट मोडतं. सहा आठवडे प्लास्टर, मग शेक नि व्यायाम, झालं. एवढ्याशा पडण्यानं हाड मोडलंच कसं, हे मात्र कुणी विचारत नाही. खरं तर तेव्हाच कंबर आणि खुब्याची डेक्सा तपासणी (हाडाची घनता मोजणारा एक्स-रे) व्हायला हवी. तिच्यातला टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडाशी केलेली तुलना, उणे २.५ किंवा त्याहून खाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. शिबिरात टाचेला यंत्र लावून सांगतात त्या आकड्यावरून निदान करू नये.

त्याऐवजी घरात कॅल्शियमची बाटली येते आणि सगळे निर्धास्त! कॅल्शियम हा कच्चा माल. हाड पोखरणाऱ्या पेशी त्यानं आवरत नाहीत. दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम पुरे, तेही जेवणातलं धरून. पेलाभर दुधात साधारण अडीचशे, १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास. पालक हिशोबात धरू नका, त्यातलं अंगी फार थोडं लागतं. आणि ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याची असते, रोजची नाही. रोज घेत राहिलं तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर येतं.

पोखरण थांबवणारी नेहमीची गोळी अलेंड्रोनेट, ७० मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा. तिचे नखरे फार. सकाळी उठल्या उठल्या, अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची. पुढचा अर्धा तास ताठ बसायचं किंवा फिरायचं आणि चहा नाही (आपल्याकडे खरी अडचण हीच). चहाबरोबर घेतली तर जवळजवळ वायाच जाते. घोटभर पाण्यानं गिळून पुन्हा आडवं झालात, तर अन्ननलिकेत अडकून जखम करते. कॅल्शियम त्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर.

हे जमत नसेल तर झोलेड्रोनिक ॲसिड, वर्षातून एकदा सलाइनमधून. आधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासायचं, मूत्रपिंड नीट चालतंय का ते त्यावरून कळतं. पहिल्या वेळी दोन-तीन दिवस ताप, अंगदुखी येऊ शकते, घाबरू नका.

पोखरण थांबवणारं आणखी एक औषध डेनोसुमॅब, त्याचं इंजेक्शन दर सहा महिन्यांनी. ते लांबलं की पोखरण दुप्पट जोरानं उसळते आणि मणके एकामागून एक पिचू शकतात. बंद करायचं असेल तरी मागून दुसरं औषध लागतंच. मुलाकडे अमेरिकेला सहा महिने जायचं असेल, तर तिकीट काढण्याआधी इंजेक्शनची तारीख बघा.