वहिनीचा व्हिडिओ आणि कलम 63

गोव्यातल्या साखळीहून दादाचा फोन आला तो चिडूनच. शेजाऱ्याशी बांधावरून वाद, प्रकरण कोर्टात. जेसीबीने बांध फोडतानाचा व्हिडिओ वहिनीने मोबाइलवर काढलाय. पण पेनड्राइव्हवरची नक्कल वकिलांनी परत केली: भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, प्रमाणपत्र जोडा. एक भाग वहिनीने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, शिवाय फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदलली की बदलणारा तिचा ठसा-आकडा. "डोळ्यांना दिसतंय ते कोर्टाला दिसत नाही? तुमच्या विलायतेत असली कटकट नसेल."

नाहीच. म्हणून तर बोलायचं आहे.

इथे ब्रिटनमध्ये 1984 च्या कायद्यात अट होती: फौजदारी खटल्यात संगणकाचा कागद पुरावा म्हणून आणायचा तर यंत्र नीट चालत होतं हे आधी दाखवा. 1999 मध्ये ती अट काढली. पुढच्याच वर्षी आपण माहिती तंत्रज्ञान कायद्यातून प्रमाणपत्राची अट आणली! इथे मात्र विरुद्ध काही दिसेपर्यंत यंत्र खरं, असं धरून चालू लागले. मग पोस्टाच्या होरायझन या सदोष संगणक प्रणालीने हिशेबात तूट दाखवली, की खोटा ठरायचा तो काउंटरवरचा माणूस. नऊशेहून जास्त जण दोषी ठरले, काही तुरुंगात गेले. 2024 साली संसदेला खास कायदा करून त्या शिक्षा पुसाव्या लागल्या.

स्विंडनमध्ये ज्या पोस्टातून मी चतुर्थीला घरी पार्सल पाठवतो, तिथली बाई पावती हातात देण्याआधी वहीत पेन्सिलीने रक्कम टिपून घेते. संगणक समोर असताना.

दादाचा त्रास खोटा नाही. सत्तरीतल्या शेतकऱ्याने तज्ज्ञ कुठे शोधायचा? ती सोय तालुक्याला हवी, याबद्दल सरकारला धरा. जालन्याच्या निवडणूक खटल्यात 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणपत्र अनिवार्यच म्हटलं, पण सगळे प्रयत्न करूनही अधिकारी ते देत नसतील तर त्याचं खापर पक्षकारावर फोडलं नाही. मला हे पटतं. हल्ली कोणाचाही आवाज, चेहरा बनवता येतो. उद्या शेजाऱ्यानेच बनावट व्हिडिओ आणला तर दादा हाच कागद मागेल.

एवढं सांगितल्यावर तो म्हणाला, "तुका थंय बसून सांगपाक सोंपें."

बरोबर आहे. तरी म्हटलं, वहिनींचा मोबाइल जपून ठेव. पलीकडे शांतता. जुना देऊन नवीन घ्यायला त्या म्हापशाला निघाल्याच होत्या.