आडनाव मरास्मियस

गेल्या रविवारी बेळगावकडच्या जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या अलीकडं, रस्त्यापासून वीसेक पावलं आत मी ओल्या पाचोळ्यात पालथा पडलो होतो. घसरून नव्हे, स्वखुशीनं. हे आधीच सांगून टाकतो, कारण नातेवाइकांत सध्या या प्रसंगाची वेगळीच आवृत्ती फिरते आहे.

डोळ्याला भिंग, दातांत टॉर्च, आणि नाकापासून चार बोटांवर भुईछत्र्यांची रांग. वारुळावरची अळंबी आणून तुम्ही कांद्यावर परतता, त्या जातीच्या नव्हेत. या छत्रीची टोपी तांदळाच्या दाण्याहून जरा मोठी, विटकरी लाल, परकराला पाडाव्यात तशा चुण्यांची. दांडा घोड्याच्या शेपटीतल्या केसासारखा काळा आणि चिवट. तो मातीतून नव्हे, कुजक्या पानाच्या शिरेतून वर आलेला. एवढीशी वस्तू ते अख्खं पान पचवत बसलेली असते. आपण मराठीत हिला कुत्र्याची छत्री म्हणतो. कन्नडमध्ये नायिकोडे, म्हणजे पुन्हा कुत्र्याचीच छत्री. १९५६ पासून इकडे सीमेवरून एवढं रण माजलंय, पण छत्री कुत्र्याची याबद्दल दोन्ही भाषांचं एकमत आहे. कुत्रा कुठल्या राज्याचा, ते कुणीच लिहून ठेवलेलं नाही.

तर मी टोपीखालच्या पात्या मोजत होतो. त्या दांड्याला चिकटतात की दांड्याभोवतीच्या बारीक कड्याला, यावर बरंच काही ठरतं. अकरापर्यंत आलो होतो.

"काय हरवलं वो?"

मान न वळवता मी म्हणालो, "ऊंऊंऊं." टॉर्च दातांत होता. मला म्हणायचं होतं, "काही नाही."

मागच्या माणसानं ते "अंगठी" असं ऐकलं.

घोंगड्याची खोळ पांघरलेले, सत्तरीचे मामा होते. म्हशी रस्त्यावर सोडून ते थेट माझ्या शेजारी उकिडवे बसले आणि काठीनं पाचोळा उलटायला लागले. मी हातानं नको नको करत होतो. त्याचा अर्थ त्यांनी "तिकडं नको, इकडं" असा घेतला. मोळी घेऊन चाललेल्या दोघी थांबल्या. "पावण्यांची अंगठी पडलीया," मामांनी सांगितलं. "सोन्याची?" "मग काय पितळंची?" तेवढ्यात वडापची जीप आली. म्हशींनी रस्ता अडवलेला, जीप थांबली, माणसं उतरली. मी टॉर्च काढून तोंडातली माती थुंकेपर्यंत अंगठी पाऊण तोळ्याची झाली होती आणि ती सासऱ्यानं साखरपुड्यात घातली होती.

"अहो, अंगठी नाही! अळंबी!"

सगळे थबकले. मग मोळीवाल्या बाई दुसरीला हळूच म्हणाल्या, "बायकूला भितंय. म्हणून लपवायलंय."

यावर सगळ्यांना माझी इतकी दया आली की शोध दुप्पट जोरात सुरू झाला. सापडलं काय, तर गुटख्याच्या पुड्या, बिअरच्या बाटलीचं बूड आणि लहान पोराची एक चप्पल. बाटल्यांचं कुणालाच काही वाटलं नाही. याच झाडीत दर रविवारी टोळकी येतात, पितात, काचा फोडून जातात. त्यांना कुणी "काय हरवलं वो" विचारत नाही. एखादा पिऊन आडवा झाला तर लोक जपून वळसा घालतात, झोपू द्या म्हणतात. शुद्धीवर असलेला माणूस पालथा दिसला की मात्र चौकशी. मला याचा राग आहे, अजूनही आहे. लेख विनोदी असला म्हणून तो लपवणार नाही.

छत्र्यांची रांग तोवर जीपभर चपलांखाली गेली होती.

मामा एकटे मागं राहिले. "खात्यात काय ही?"

"नाही."

"मग नाव तरी काय?"

मला बरं वाटलं. एवढ्या वर्षांत नाव विचारणारा पहिला माणूस. "मरास्मियस," मी म्हणालो. "पण ही प्रजाती झाली. तिच्यातली नेमकी जात सांगता येत नाही. शेकडो आहेत. बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतात."

मामांनी विचार केला. "म्हंजे आडनाव कळलंय, नाव न्हाई."

"तसंच."

"आमच्या गावात यून 'पाटील हाईत का' म्हणून इचारा. निम्मं गाव बाहीर येतंय." त्यांनी काठी उचलली. "असं आडनाव कळून काय उपेग?"

हे मी गेली सहा वर्षं स्वतःला समजावू शकलेलो नाही. पुस्तकं बघावीत तर सगळी ओक आणि बीचच्या पाचोळ्याची. आमच्याकडं ऐन, किंजळ आणि जांभूळ. फोनमधल्या ॲपला फोटो दाखवला तर त्यानं मला एकदा शर्टाचं बटण असं उत्तर दिलं होतं.

घरी आल्यावर कोपराला चिकटलेली एक छत्री सापडली. वाळून मिरीएवढी झाली होती. ओल्या कापसावर ठेवली. तासाभरात चुण्या उलगडून टोपी पुन्हा ताठ! स्वीडनच्या एलियास फ्रीस यांनी १८३८ मध्ये याच गुणावरून हा गट वेगळा काढला. नावाचा मूळ ग्रीक अर्थ सुकणं. बालकांच्या शोषाला डॉक्टर मरास्मस म्हणतात तो शब्दही त्याच घरातला. म्हणजे आडनाव तरी पक्कं. मग अर्धा काळा, अर्धा पांढरा कागद घेतला, टोपी खालच्या अंगानं मधोमध ठेवली आणि वर वाटी पालथी घातली. रात्रभरात बीजाणू गळून ठसा उमटतो. पांढरा असला तर काळ्यावर दिसतो.

रात्री नऊला खानापूरहून मावससासूबाईंचा फोन. जीपमध्ये त्यांच्या शेजारीण होत्या.

"अहो, हात दाखवा," सौ. म्हणाली.

हातात अंगठी नव्हती. बोट जाड झाल्यापासून दोन वर्षं नाही. कुठंतरी काढून ठेवली आहे, एवढंच मला सांगता आलं. कुठं, ते काही केल्या आठवेना. सगळं घर उलटंपालटं झालं. तांदळाचा डबा, देव्हारा, शिवणाचं यंत्र. मी पहाटे वाटी उचलायला गेलो तर वाटी जागेवर नव्हती, ती घासून पालथी घातलेल्या भांड्यांत होती.

कागद मात्र तिथंच होता. काळ्या अर्ध्यावर पांढरा, बारीक, रेषारेषांचा ठसा उमटला होता. मी हरखून भिंग लावलं.

रांगोळी काढून आलेल्या सौ.चा अंगठा होता.