खुलासा: स्किझोफ्रेनिया ‘रक्तातच’ असतो का?

स्किझोफ्रेनिया म्हणजे भास आणि भ्रम होणारा गंभीर मानसिक आजार. ‘ब्रिटनमधल्या कॅरिबियन लोकांत स्किझोफ्रेनिया जास्त, म्हणजे तो त्यांच्या रक्तातच आहे’ असा मजकूर फिरतोय. पहिला भाग खरा आहे: लंडन, नॉटिंगहॅम, ब्रिस्टलच्या पाहणीत त्यांच्यातलं नव्या रुग्णांचं प्रमाण गोऱ्या ब्रिटिशांच्या सुमारे ९ पट निघालं. निष्कर्ष मात्र चुकीचा. रक्तातच असतं, तर जमैका, त्रिनिदाद, बार्बाडोस या कॅरिबियन बेटांवरही ते तेवढंच दिसलं असतं; तिथल्या पाहण्यांत तसं आढळलं नाही. शिवाय दक्षिण लंडनमधल्या कँबरवेलचा २००१चा अभ्यास पाहा. ज्या वॉर्डांत वांशिक अल्पसंख्याकांची वस्ती विरळ, तिथे त्यांच्यात आजार अधिक. दाट वस्तीत कमी. म्हणजे शेजारपाजार आपला की परका, यानेही फरक पडतो.

पण म्हणून ‘वाळीत टाकलं की वेड लागतं’ हेही कृपा करून पसरवू नका. बहिष्कृतपणा जोखीम वाढवतो, एवढंच. आनुवंशिकता आहे, गांजाचा वाटा आहे, आणि वगळल्या गेलेल्या बहुतेकांना हा आजार होतच नाही.

कधी क्रम उलटाही असतो: आजार उघड होण्याआधीच माणूस मिसळणं सोडतो. घरातला तरुण काही आठवडे मित्र टाळतोय, ‘सगळे माझ्याबद्दलच बोलतात’ म्हणतोय, तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.